पाण्याची जागा

शारजात, रोल्लाच्या बाजारात रुतब आला की मी बिघडतो. घरच्यांना हे आता पाठ झालं आहे. एरवी मी बऱ्यापैकी समंजस म्हातारा आहे. औषधं वेळेवर घेतो, नातीच्या मराठीला हसत नाही, सुनेच्या आमटीत मीठ कमी पडलं तरी गप्प जेवतो. पण उन्हाळा भरात आला की कोपऱ्यावरचा मलबारी फळवाला ताज्या खजुरांची टोपली दुकानापुढे मांडतो. त्यांचा अर्धा भाग पिवळा असतो आणि अर्धा पिकून मऊ, तपकिरी झालेला. तोच हा रुतब. तो बघून लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझ्या तोंडचं पाणी पळतं.

यंदा तर मी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये तमाशाच केला. शुक्रवारी डोंगराकडे जायचं ठरलं होतं. दर वर्षी याच मोसमात मी एकदा तिकडे जातो, आणि माझ्या हट्टापायी सगळ्यांना त्या गर्मीत यावं लागतं. माझी नात झोया डिकीत सामान लावत होती. ती दुबईत, सिलिकॉन ओएसिसमधल्या एका कंपनीत काम करते. कुठला माल कुठल्या ट्रकमधून कधी पोचेल ते कॉम्प्युटरवर ठरवायचं, हेच तिचं काम. तिने पाण्याच्या बाटल्यांचे खोके सगळ्यांत खाली ठेवले, त्यावर जेवणाचे डबे, त्यावर चटया आणि घडीच्या खुर्च्या. मी ते पाहिलं आणि ओरडलो.

"सगळं काढ. पाणी वर ठेव."

"दादा, हेवी थिंग्ज गो अ‍ॅट द बॉटम. इट्स कॉमन सेन्स."

"काढ म्हणतो ना."

माझा मुलगा घाम पुसत म्हणाला, "बाबा, प्लीज, इथे सीन नको. इतकी गर्मी आहे. अब जाने दो ना."

मी काठी टेकून डिकीसमोर उभाच राहिलो. शेवटी झोयाने तोंड फुगवून सगळं उतरवलं आणि पाणी वर ठेवलं. एक बाटली मी मांडीवर घेऊन बसलो. गाडी सुरू झाल्यावर ती आरशातून माझ्याकडे बघत होती. तिचं काही चुकलं नव्हतं. जड वस्तू खालीच ठेवतात. हसनमामूंनीही तेच केलं होतं.

त्या काळी यूएई हे नावच नव्हतं. किनाऱ्यावर शेखांच्या लहानलहान रियासती होत्या आणि शारजात गोऱ्यांची छावणी होती. अधिकारी गोरे, शिपाई बहुतेक अरब, आणि बाकी सगळा गाडा आपल्या लोकांवर. मी त्यांच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात कारकून होतो. माझा थोरला भाऊ याकूब तिथेच ड्रायव्हर होता. आम्हा दोघांना इथे आणणारे आमचे सख्खे मामा, हसनमामू, माल चढवणाऱ्या टोळीचे मुकादम होते. आमचे वडील लवकर गेले. आम्ही मामूंच्या मांडीवर वाढलो, त्यातही याकूब जास्त.

मामू मूळचे तांडेल. दाभोळच्या खाडीतून कौलं आणि लाकूड भरून त्यांनी किती तरी वेळा गलबत दुबईच्या खाडीत आणून लावलं होतं. गलबतांचे दिवस सरत आले तेव्हा त्यांनी खाडीकाठच्याच आठ-दहा माणसांची टोळी केली आणि छावणीत काम धरलं. त्यांना हमाल म्हणायची कुणाची टाप नव्हती. "आम्ही खलाशी," ते म्हणायचे, "जमिनीवर आलो म्हणून काय जात बदलली?" लॉरीच्या तोंडालाही ही मंडळी गलबताच्या तोंडासारखं नाळ म्हणायची. टायर बदलायचा झाला तर आधी वारा कुठून आहे ते बघायची. आम्ही फार हसायचो.

याकूबला पाणी फार लागायचं. लहानपणी तो विहिरीवरून आलेली कळशी उभ्याउभ्या अर्धी करायचा. मा म्हणायची, "हा एक दिवस खाडी पिऊन टाकेल." छावणीत त्याच्या जीपच्या दांडीला कायम एक पाण्याची पिशवी लटकलेली असे, ओल्या किंतानाची, वाऱ्याने पाणी गार करणारी. ती कुणी हलवली तर तो भांडायला उठे.

आणि तो मोसम. समुद्राकडून येणारी हवा इतकी ओली, की वाळत घातलेला सदरा संध्याकाळी आणखी ओला होऊन परत यायचा. किनाऱ्यावरचे लोक गाव रिकामं करून उंटांवर बिऱ्हाड चढवत आणि आतल्या खजुरांच्या बागांत जाऊन राहत. आपल्याकडे मे महिन्यात चाकरमानी गावाला पळतात, तसंच. डोंगरातले लोकही खाली बागांत उतरत. शारजात मागे उरत ते आम्ही, बकऱ्या आणि रोल्लाचं वडाचं झाड. तेव्हा तिथे खराखुरा वड होता, आपल्याकडच्यासारखा, पारंब्यांचा. त्याच्याखाली बसलं की घर आठवून रडू यायचं, म्हणून मी फारसा बसत नसे.

अशा मोसमात लढाई निघाली. डोंगरातल्या एका अरब टोळीने घाट अडवला होता आणि वरचा जुना किल्ला धरला होता. साहेबांना तो घ्यायचा होता. शहाण्या माणसाने थंडीपर्यंत थांबायला हवं. पण आमचा कप्तानसाहेब म्हणाला की खजुराच्या मोसमात टोळीची माणसं खाली बागांत असतील, किल्ल्यावर मूठभरच उरतील, तेव्हा हीच वेळ. मामूंना मी हे सांगितलं तेव्हा ते विडी विझवून म्हणाले, "या दिवसांत कुत्रं सावली सोडीत नाही, आणि हे किल्ला घेणार. इन्शाल्ला."

लढाई म्हणजे बंदुका असं मला वाटायचं. कप्तानसाहेबाच्या तंबूत मला कळलं की लढाई म्हणजे आधी बेरीज आणि मग तीच बेरीज पुन्हा. त्याने तंबूत जमिनीवर वाळूचा डोंगर रचला होता. मधून बोटाने वादी ओढली होती, म्हणजे डोंगरातला कोरडा नाला. शेवटी बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला होता, तो किल्ला. हिशेब उलटा चालायचा. किल्ल्यापाशी किती माणसं, त्यांना किती पाणी, ते पाणी वाहणारी गाढवं किती, गाढवांना किती पाणी, गाढवांपर्यंत आणणाऱ्या लॉऱ्या किती, त्यांना पेट्रोल किती, आणि ते पेट्रोल वाहणाऱ्या लॉरीला आणखी किती. तो तरुण होता, नाकाची साल निघालेला, आणि मन लावून काम करणारा. मी टाइप करायचो, तो खोडायचा. कुठल्या लॉरीत काय जाईल हे आम्ही सगळं लिहिलं. लॉरीत काय वर आणि काय खाली, हे लिहायचं असतं असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. त्याच्या देशातला कुठलाही शिपाई, जे आधी लागेल ते शेवटी, म्हणजे सगळ्यांत वर चढवतो. शाळेत प्रार्थना शिकतात तसं ते त्याला येत होतं.

मामूंनाही त्यांची प्रार्थना येत होती. गलबतात पाण्याची जागा तळाला, अगदी मध्यावर. सगळ्यांत जड तेच आणि सगळ्यांत मोलाचंही तेच. तळात असलं की गलबत डुलत नाही, लाट शिरली तर त्यात खारं मिसळत नाही, आणि तांडेलाच्या हुकुमाशिवाय कुणाचा हात पोचत नाही. पहाटे उजाडता उजाडता त्यांच्या टोळीने लॉऱ्या भरल्या. तळाला पाण्याचे डबे, एकाला एक खेटून, फटींत लाकडाच्या पाचरी. त्यावर फळ्या. फळ्यांवर तोफगोळ्यांच्या पेट्या, त्यावर डबाबंद अन्न, तंबू, काटेरी तार. आणि वरून काथ्याचा दोर, मामूंच्या गाठींनी आवळलेला.

"याकूब पुढे चाललाय ना?" मामू मला म्हणाले. "मग पानी मी माझ्या हाताने लावणार. बाकी माल पडला तर पडला. पानी गेलं तर खलास."

कप्तानसाहेब आला. त्याने दोर ओढून पाहिला, पेटीला धक्का दिला. काही म्हणजे काही हललं नाही. "व्हेरी गुड, मुकादम," तो म्हणाला, आणि मामू लाजले. मी त्यांना लाजताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

याकूबच्या जीपमध्ये वायरलेसचा संच होता, म्हणून तो पहिल्या तुकडीबरोबर पुढे निघाला. मामूंनी रुमालात बांधून रुतब आणला होता. याकूबने त्यातले दोनच उचलले. "बाकी ठेवा, मामू. संध्याकाळी येऊन खातो. आता गोड खाल्लं तर तहान लागेल." एवढं बोलून तो गेला. माझ्याकडे बघून त्याने नुसती भुवई उडवली, नेहमीसारखी.

वादीत शिरल्यावर काय झालं हे मी आयुष्यभर मनात उलटसुलट केलं आहे. पाण्याची टाकी असलेली एक गाडी होती, ती तोंडाशीच वाळूत रुतली. मागच्या लॉऱ्या पुढे काढल्या, तर आत धोंडे सुरू झाले. याकूबची जीप त्यातून आधीच वर गेली होती. पहिली लॉरी आडवी अडकली आणि तिच्यामागे सगळी रांग थांबली. दोन्ही बाजूंना उभे कडे, मागे वळायला जागा नाही, आणि वरून ऊन असं की डोंगर तव्यासारखे तापलेले. विमानाने पाणी टाकायचं ठरलं होतं, पण धूळ इतकी उठली की विमान आलंच नाही. मी आणि मामू त्या लॉऱ्यांबरोबर होतो. मी कप्तानसाहेबाचा दुभाष्या म्हणून, मामू टोळीसकट माल गाढवांवर चढवायला.

मग साहेबाजवळच्या वायरलेसवर निरोप आला. वरच्या तुकडीचं पाणी संपलं होतं. माणसांच्या पाण्याचा हिशेब बरोबर होता, पण जीप उकळत होती. ती बंद पडली तर वायरलेस बंद, म्हणून तिला पाणी पाजत वर नेली होती. ड्रायव्हरने स्वतःच्या पिशवीतलंही तिलाच पाजलं, असं वरचा अरब शिपाई सांगत होता. ते मीच साहेबाला इंग्रजीत सांगितलं. ड्रायव्हर म्हणजे माझा भाऊ, हे मी सांगितलं नाही. साहेबाला ते ठाऊक होतं.

"गेट द वॉटर अप," साहेब म्हणाला. "यल्ला, यल्ला."

सगळे लॉरीकडे वळले आणि थांबले. पाणी तळाला होतं.

साहेब एका लॉरीवरून दुसऱ्या लॉरीकडे पळत गेला. सगळीकडे तेच. वर तार, तंबू, डबे, पेट्या, आणि सगळ्यांच्या खाली, कुणाचा हात पोचणार नाही अशा जागी, जपून ठेवलेलं पाणी. त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मामू दोराच्या गाठी सोडू लागले, पण त्या त्यांच्याच गाठी होत्या. त्या लाटेत सुटू नयेत म्हणून बांधलेल्या. तांडेल कधी दोर कापत नाही, गलबत बुडत असलं तरी. मामू माझ्याकडे हात पसरून म्हणाले, "सुरी दे."

आम्ही पेट्या उतरवू लागलो. त्या उन्हाने इतक्या तापल्या होत्या की तळहाताची साल पेटीला चिकटून राहायची. उतरवून ठेवायला जागा नव्हती. तापलेल्या दगडांवर तोफगोळे ठेवायचे नाहीत म्हणून आधी तंबू अंथरायचे, वर सावली धरायची, मग एकेक पेटी हातोहात मागे. साहेब स्वतः सदरा काढून राबत होता. तारेने सगळ्यांचे हात फाटले. मधेच वायरलेस खरखरला, पाणी कुठवर आलं, असा प्रश्न आला. साहेब म्हणाला, येतंय. पुन्हा प्रश्न आला. पुन्हा येतंय. आणि खाली फळ्यांच्या फटींतून ते डबे दिसत होते. फळ्या ठोकून बसवल्या होत्या, मजबूत, मामूंच्या पद्धतीने. मी नखांनी फळी उचकटायचा प्रयत्न करत होतो. आपण रडतोय हे मला डोळ्यांत घाम गेल्यासारखं झोंबलं तेव्हा कळलं. त्यानंतर वायरलेस खरखरला नाही.

पहिला डबा निघाला तो मामूंनी कुणाला दिला नाही. गाढवांची वाटही पाहिली नाही. साठीच्या जवळ आलेला माणूस, डबा खांद्यावर घेऊन धोंड्यांतून चढू लागला. मी दुसरा घेऊन मागे. माझ्या खांद्यावर पाणी डुचमळत होतं आणि माझी जीभ टाळूला चिकटली होती, पण आम्ही दोघांनी वाटेत एक घोटही घेतला नाही. असं का केलं, मला सांगता येणार नाही. घेतला असता तर काही कमी झालं नसतं.

वर माणसं दगडांच्या बोटभर सावलीत डोकी खुपसून पडली होती. याकूब जीपच्या चाकाला टेकून बसला होता. किंतानाची पिशवी त्याच्या मांडीवर, सुकून कडक झालेली. मामूंनी त्याचं तोंड उघडून पाणी घातलं. ते तसंच बाहेर आलं आणि गळ्यावरून ओघळलं. मामूंनी पुन्हा घातलं. "घोट घे, बाळा. बघ, आणलंय." पुन्हा ओघळलं. शेवटी एका शिपायाने येऊन मामूंचा हात धरला.

किल्ल्याचं म्हणाल तर एकही गोळी सुटली नाही. किल्ल्यात फक्त एक म्हातारा आणि त्याच्या बकऱ्या होत्या. टाकं आटलं तसे सगळे कधीच खाली बागांत उतरले, असं तो म्हणाला. कप्तानसाहेबाचा अंदाज तंतोतंत खरा ठरला होता.

मयताला आंघोळ घालावी लागते. आम्ही आणलेले दोन डबे तिथे होते, मागून आणखी येत होते. पण वर माणसं पडलेली होती, काही बेशुद्ध, आणि परतीची वाट तीच. एक शिपाई डबा उचलून मामूंजवळ आला आणि आदबीने म्हणाला, चाचा, याला आंघोळ घाला, आम्ही थांबतो. मामूंनी डबा परत सरकवला.

"नको. पानी जित्यांना."

आमच्यात पाणी नसेल, किंवा असलेलं जिवंत माणसाला हवं असेल, तर मातीवर भागवायची मुभा आहे. स्वच्छ मातीवर तळहात टेकायचे आणि चेहऱ्यावरून, मग हातांवरून फिरवायचे. याला तयम्मुम म्हणतात. मामूंनी साल गेलेले तळहात त्या तापलेल्या वाळूवर टेकले आणि याकूबच्या चेहऱ्यावरून फिरवले. पुन्हा टेकले, हातांवरून फिरवले. जन्मभर पाण्याला तळाशी जपलेल्या माणसाने आपल्या पोराला वाळूने आंघोळ घातली. पाणी तिथे होतं, हाताच्या अंतरावर होतं, आणि तरी याकूबला मिळालं नाही. इतक्या वर्षांनी हे वाक्य लिहितानासुद्धा मला कुणाचा तरी गळा धरावासा वाटतो, आणि धरावा असा एकही गळा सापडत नाही.

त्याला तिथेच, वादीच्या काठाला पुरलं. वर दगड रचले. कबरीवर पाणी शिंपडतात, तेही शिंपडलं नाही.

चौकशी झाली म्हणे. पुढच्या मोहिमेच्या कागदांत, पाणी सर्वांत वर, असं मलाच टाइप करायला लावलं. मामू परत गावी गेले आणि पुन्हा कधी गलबतावर, लॉरीवर, कशावर चढले नाहीत. खाडीकडे पाठ करून ओट्यावर बसायचे. मी सुट्टीवर गेलो की खजूर न्यायचो. ते हातात घेऊन बघायचे आणि पोरांना वाटून टाकायचे. रुमालातल्या त्या रुतबाचं काय झालं हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

त्यांच्या शेवटच्या दिवसांत मी गावी होतो. बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. मामीने चमच्याने तोंडात पाणी घालायला घेतलं, तर त्यांनी ओठ मिटले आणि मान फिरवली. मामी रडायला लागली. मी चमचा घेतला. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"याकूबला दिलं?"

"दिलं, मामू," मी म्हणालो. "आधी त्यालाच दिलं."

मग त्यांनी तोंड उघडलं.

आता त्या डोंगरातून बोगदे काढून गुळगुळीत रस्ता नेला आहे. लोक सहलीला येतात. वादीच्या काठाला एका वळणावर मुलाने गाडी थांबवली, नेहमीप्रमाणे. एसीतून बाहेर पडताच चष्म्यावर वाफ धरली. मी काठी टेकत दगडांच्या ढिगाशी गेलो आणि मांडीवरची बाटली उघडली. तिच्यातलं पाणी संपेपर्यंत ओतलं. दगडांनी ते लगेच पिऊन टाकलं, ओल दिसली न दिसली.

झोया मागे येऊन उभी राहिली होती. दर वर्षी ती गाडीतच बसायची. "दादा, हू इज ही?" तिने विचारलं.

"माझा भाऊ. त्याला पाणी फार लागायचं."

ती गाडीकडे गेली, डिकी उघडली, आणि वरच ठेवलेल्या खोक्यातून आणखी एक बाटली काढून घेऊन आली. मामूंना मी दिलं म्हणालो होतो. ते खोटं राहू नये म्हणून मी येतो.